उसनं कातडं

शेवंतीला चिऱ्यांच्या ट्रकात आडवी घालून आणली तेव्हा तिची सासू हौसाबाई दांडीच्या किनाऱ्यावर वाळूत तारली सुकायला पसरत बसली होती. मार्गशीर्षातलं ऊन, वारा पडलेला. शेजारची गंगू लुगडं वर खोचून धावत आली.

"हौसाबाय, ऊठ गो! तुज्या सुनेच्या पायावरसून ट्रक गेलो."

हौसाबाईने हातातली मासळी टाकली नाही. मूठभर तारली होती, ती तिने ओळीत नीट मांडली. गंगूने काखेत हात घालून तिला उभी केली.

भाई डॉक्टरांचा दवाखाना बंदराच्या वाटेवर. दाराशी माणसं जमली होती. ट्रकवाला ज्याला त्याला तेच तेच सांगत होता. धामापूरच्या चढणीवर तो ट्रक मागे घेत होता. बाई डोक्यावर पाटी घेऊन मागून येत होती, ती त्याला दिसली नाही. चाक पायावर चढलं, बाई किंचाळली आणि त्याने ट्रक पुढे काढला.

हाड मोडलं नव्हतं. पण उजव्या पायाचं, गुडघ्याखाली चार बोटांपासूनचं सगळं कातडं सुटून खाली घोट्याशी गोळा झालं होतं. मोरी मासा सोलताना त्याचं कातडं डोक्याकडून शेपटीपर्यंत ओढत आणतात तसं. वरचं मांस उघडं, ओलं, आणि त्यात रस्त्याची तांबडी माती भरलेली. हौसाबाईने दाराची चौकट धरली.

शेवंती शुद्धीवर होती. सासू दिसताच म्हणाली, "आये, पाटयेतले बांगडे सगळे रस्त्यार पडले."

"मरांदे ते बांगडे," हौसाबाई म्हणाली.

त्या सकाळी दोघींची वादावादी झाली होती. शेवंतीची आई वालावलीला आजारी होती, निरोप आला होता. शेवंती म्हणाली, माका आज जावंदे. हौसाबाई म्हणाली, "आज मासळी चांगली गावली हा. ती काय पायान चलत जातली धामापुराक? उद्या जा." शेवंतीने उलट उत्तर दिलं नाही. पाटी डोक्यावर घेतली आणि मागे वळून न बघता निघून गेली. हौसाबाईने तिची पाठमोरी चाल पाहिली होती. भरभर, रागाने टाकलेली पावलं. तीच तिला आता दिसत राहिली.

भाई डॉक्टरांनी तास-दीड तास पाय धुतला. चिमट्याने खडे वेचले. मग घोट्याशी लोंबणारं कातडं हळूहळू वर ओढून गुडघ्याखाली गोल शिवलं. शेवंतीने तोंडात पदराचा बोळा धरला होता. सगळं झाल्यावर डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "नशीब समज, हौसाबाई. कातडं सगळं आहे. एक तुकडासुद्धा गेला नाही."

घरी आणल्यावर बघायला येणाऱ्यांनीही तेच म्हटलं. पाय पुन्हा पायासारखा दिसत होता. गुडघ्याखालून धाग्याची एक काळी रेघ तेवढी गेलेली. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन पेनिसिलीन टोचून जात. हौसाबाईचा झील, शेवंतीचा नवरा बाबली, मंगळूरच्या गलबतावर खलाशी होता, कौलं भरायला गेलेला. त्याला डॉक्टरांच्याच हातून पत्र घातलं. ते त्याला कधी मिळणार ते दर्यालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. हौसाबाई पायाशी बसली होती. शिवणीच्या खालचं कातडं जांभळं पडलं होतं, पोटरीवर पांढुरकं, त्यात निळसर रेघा. घोट्याजवळ तेवढा माणसाचा रंग होता.

"सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "उतरेल."

मासळी हौसाबाईच्या पाचवीलाच पुजलेली होती. बांगडा अंगठ्याने दाबला की मांस परत वर येतं का, कल्ला उचलला की आत लाल आहे का, हे तिला डोळे मिटून कळे. तिने सुनेच्या डाव्या पायावर अंगठा दाबला. पांढरा ठसा उठला आणि क्षणात लाल होऊन भरून आला. मग तिने उजव्या पोटरीवर दाबला. काहीच झालं नाही. रंग गेला नाही आणि आलाही नाही. कातडं थंड होतं. तिने वाकून वास घेतला.

"भाई," ती म्हणाली, "ह्यां कातडां मेलां हा."

"दोन दिवस थांबू या, हौसाबाई."

"मेलेलां दोन दिसांनी जितां होता काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट मानणारे नव्हते. मग म्हणाले, "माझ्या हातात यापुढचं नाही. सावंतवाडीला एक सर्जन आलेत, पेडणेकर म्हणून. मी चिठ्ठी देतो. उद्याच्या पहिल्या मोटारीने जा."

मोटारीच्या मागच्या बाकावर शेवंतीला आडवी ठेवली. डोकं गंगूच्या नवऱ्याच्या, काशीरामच्या, मांडीवर आणि पाय हौसाबाईच्या. चौके गाव सुटेपर्यंत हवा गार होती. पुढे ऊन चढलं, आणि पट्टीतून वास येऊ लागला. पुढचा एक बामण उठून पार ड्रायव्हरशेजारी जाऊन उभा राहिला. एका बाईने नाकाला पदर लावला. कंडक्टर मागे आला, बाकाखाली वाकून बघू लागला.

"मासळी आत आणायची नाही, म्हातारे. टोपली टपावर टाक."

"मासळी नाय रे," हौसाबाई म्हणाली. "माजी सून हा."

कंडक्टरने सरळ होऊन बाजूची खिडकी उघडून दिली आणि पुढे गेला. शेवंतीने तोंड बाकाच्या पाठीकडे वळवलं होतं. तिचे खांदे हलत होते. हौसाबाईने पट्टीवर आपला पदर पसरला आणि कुडाळ येईपर्यंत हात तसाच त्यावर ठेवला.

सावंतवाडीचे सर्जन पेडणेकर तरुण होते, पण केस पिकलेले. बोलायचे कमी. त्यांनी पट्टी सोडायला लावली आणि नाक न मुरडता खाली वाकून पाहिलं. पहिल्यांदा त्यांनी पाऊल हातात घेतलं, कातड्याला नंतर हात लावला. पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं टेकवून ठेवली. मग हौसाबाईचं बोट धरून तिथेच ठेवलं.

"लागतात ठोके?"

बोटाखाली काहीतरी बारीक उडत होतं. तिने मान हलवली.

"म्हणजे पाऊल जिवंत आहे. रक्त खाली पोचतंय. बोटं हलव, बाई." शेवंतीने बोटं हलवली.

मग त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि टाचणीने टोचत वर वर सरकले. "लागते?"

घोट्याजवळ ती म्हणाली, "लागता." दोन बोटं वर, "वाईच." त्याच्या वर टाचणी आत गेली, बाहेर आली, पुन्हा गेली.

"आता?"

"खंय?" शेवंतीने विचारलं.

टोचलेल्या जागी रक्त आलं नाही. आणखी वर आलं ते काळं, घट्ट, थेंबभर. डॉक्टरांनी शिवणीचे चार टाके कापून कातड्याची कड उचलली. खालून मळकट पाणी वाहिलं. आतल्या मांसाला त्यांनी चिमट्याने हलकेच चिमटा घेतला, तसं ते मांस ताज्या कोळंबीसारखं थरारलं. पेडणेकरांनी पहिल्यांदाच मोठा श्वास सोडला.

त्यांनी हौसाबाईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसले.

"मांस चांगलं आहे. हाड चांगलं आहे. वरचं कातडं मात्र गेलं. चाकाखाली ते मांसापासून सुटलं तेव्हाच त्याचं रक्त तुटलं. आता ते काढलंच पाहिजे, नाही तर विष अंगात भिनेल. त्यानंतर दोन वाटा. एक, गुडघ्याखाली पाय कापायचा. महिन्याभरात घरी जाल, लाकडी पाय मिळेल, जिवाला धोका कमी. दुसरी, पाय ठेवायचा, रोज धुवायचा आणि तिच्या मांडीचं पातळ कातडं काढून त्यावर लावायचं. दोन-तीन महिने लागतील. मधे ताप चढला, तर पायही जाईल आणि कदाचित तीही. तिचा नवरा कुठे आहे?"

"दर्यात."

"मग तुम्हालाच सांगावं लागेल."

हौसाबाईने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. लाकडी पायाने वाळूतून कसं चालतात? गलबतावरून उतरणाऱ्या घोवासमोर लाकडी पायाची बायल कशी उभी राहते? आणि मेली तर? मेली तर वालावलीच्या बाईला काय सांगायचं, की मीच धाडलं होतं?

"माजां कातडां घेवा," ती एकदम म्हणाली. "माका काय करूचा हा तेचा आता?"

"दुसऱ्याचं कातडं टिकत नाही, बाई. दहा-पंधरा दिवस बसल्यासारखं वाटतं, मग शरीर ते टाकून देतं. आपलं आणि परकं त्याला कळतं."

"तिका इचारूक व्हया."

"विचारा."

शेवंतीने सगळं ऐकून घेतलं. तिचे ओठ सुकून फुटले होते. "तुमका काय वाटता ता करा," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "माका चलाक व्हया, आये."

हौसाबाईने अंगठा शाईत बुडवून कागदावर उमटवला. पाय ठेवायचा.

मेलेलं कातडं त्याच दिवशी कापून काढलं. पेडणेकर कडेकडेने कापत गेले, आणि कड लाल रक्ताने ओली झाली की तिथे थांबले. घोट्याभोवतीची तीन बोटांची पट्टी तेवढी वाचली. त्यानंतर रोजचा एकच क्रम सुरू झाला. सकाळी सिस्टर फिलोमेना गरम मिठाचं पाणी घेऊन यायची. मांसाला चिकटलेली पट्टी भिजवून भिजवून सोडवायची. शेवंती खाटेची सळई धरायची आणि हौसाबाई शेवंतीला. सिस्टर बांद्याकडची, बोलायला तोंडाळ. "आरड गो चेडवा, आरड. हय कोण तुजी सोयरीक बघूक येवक नाय," ती म्हणायची. शेवंती ओरडायची नाही. पट्टी सुटली की मात्र तिच्या दातांचा आवाज यायचा.

हौसाबाई तिला भरवत होती, पुसत होती, भांडं देत होती. दवाखान्याच्या मागे तीन दगडांवर पेज शिजवत होती. सुनेचं अंग तिने सहा वर्षांत कधी इतकं पाहिलं नव्हतं. बरगड्या वर येऊ लागल्या होत्या. उघड्या पायातून दिवसरात्र पाणी झिरपायचं, चादर ओली व्हायची. जेवण पोटात ठरेना. दहाव्या दिवशी ताप चढला तो उतरेना.

पेडणेकर खाटेशी उभे राहून तक्ता बघत राहिले. शेवंतीच्या पापणीची आतली बाजू ओढून पाहिली. ती चुन्यासारखी पांढरी होती. मग त्यांनी हौसाबाईला बाहेर बोलावलं.

"तिच्या मांडीचं कातडं आत्ता काढता येत नाही. तिच्यात ती ताकद नाही. आणि पाय असा उघडा राहिला तर ताकद येणारच नाही. त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात..."

"टिकाचा नाय, असां सांगलात तुमी."

"टिकणार नाही. पण तेवढे दिवस पाय झाकलेला राहील. पाणी जायचं थांबेल, दुखणं कमी होईल, ती जेवेल. पंधरा दिवस मिळाले तर मला पुरे आहेत. बघा, तुमचं वय झालंय, दुखेल बरंच. मी आग्रह करत नाही."

हौसाबाई पंचावन्न वर्षांची होती. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यालाही तिने उजेडात कधी मांडी दाखवली नव्हती. "कापडां काढूची लागतली?" तिने विचारलं.

"मांडीपुरती. सिस्टर असेल."

"कधी?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी सिस्टरने तिची मांडी वस्तऱ्याने साफ केली, जंतुनाशकाने पुसली. हौसाबाईने डोळे घट्ट मिटून घेतले होते. शरमेने तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. कमरेत सुई टोचली आणि कमरेखालचं अंग कोणी तरी उचलून नेल्यासारखं नाहीसं झालं. दुखलं नाही. लांब सुरी मागेपुढे होताना फक्त एक ओढ जाणवत होती, रापणीच्या जाळ्याचा दोर दुसऱ्या टोकाला कोणी ओढावा तशी. एकदा तिने डोळे उघडले. डॉक्टरांच्या सुरीवर कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं काही तरी पांढुरकं, पातळ गोळा होत होतं.

"एवढांच?" ती म्हणाली.

"एवढंच," डॉक्टर म्हणाले.

सुईचा अंमल उतरल्यावर तिला कळलं. मांडीवर निखारे पसरावेत तशी आग. तिला शेवंतीच्या शेजारच्याच खाटेवर ठेवलं होतं. दोघी उताण्या, दोघींना हलायची बंदी. दुपारभर कौलांकडे बघत पडून राहिल्या. पेज द्यायला काशीरामला वस्तीला बोलावून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी शेवंतीचा ताप उतरू लागला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पाय थंड वाटता, आये. बरां वाटता."

हौसाबाई कौलांकडेच बघत म्हणाली, "शेवंते."

"काय?"

"त्या दिसा मीच तुका धाडलंय."

शेवंतीने मान वळवली नाही. "होय," ती म्हणाली. "तुमीच धाडलात." बाहेर कोणी तरी रहाट ओढत होतं, त्याचा कर्रकर्र आवाज येत होता. "आवस माजी वालावलीक चार दिसांत उठान बसली. मीच पडलंय."

हौसाबाईला वाटलं होतं, ती म्हणेल, असांदे. माणसं म्हणतात तसं. तिने म्हटलं नाही. पण इतक्या दिवसांचं एक ओझं हललं, कारण जे होतं ते आता दोघींच्या मधे, सगळ्यांना दिसेल असं पडलं होतं.

"मांडी लय आग करता?" शेवंतीने विचारलं.

"मरणाची."

"सिस्टरीक हाक मारू?"

"नको. गुमान पड."

तेरा दिवस ते कातडं टिकलं. पहिल्यांदा गुलाबी झालं, तेव्हा हौसाबाईला वाटलं, डॉक्टर चुकले, हे राहणार. ती रोज पट्टी सुटताना मान उंच करून बघायची. शेवंती दोन वेळा पेज प्यायला लागली, मग भात, मग एक दिवस तिने सुक्या बांगड्याची मागणी केली. पापणी आतून लाल दिसू लागली. आणि मग कातड्याच्या कडा राखाडी झाल्या, उचलू लागल्या. तेराव्या सकाळी ओल्या पट्टीबरोबर त्याचा मोठा तुकडा उलगडून आला. सिस्टरने तो पत्र्याच्या ताटात टाकला. खालचं मांस आता ओलं, झिरपणारं नव्हतं. रातांब्याच्या सालीसारखं गर्द लाल होतं, बारीक दाण्यांनी भरलेलं.

शेवंती ताटाकडे बघून रडायला लागली. पाय उघडा झाला होता तेव्हा रडली नव्हती. "तुमचां गेलां, आये."

"जावंदे," हौसाबाई म्हणाली. "ता काय रवाक थोडांच इलां हुतां." पण सिस्टर ताट घेऊन बाहेर जाईपर्यंत तिचे डोळे त्यावरून हलले नाहीत.

चार दिवसांनी शेवंतीच्या स्वतःच्या मांडीचं कातडं काढलं. डॉक्टरांनी त्याचे पोस्टाच्या तिकिटाएवढे तुकडे करून एकाशेजारी एक पायावर मांडले आणि वर जाड पट्टी बांधली. पाच दिवस पाय हलवायचा नाही, पट्टी उघडायची नाही. त्या पाच दिवसांत हौसाबाईने धामापूरच्या भगवतीला नारळ बोलली, दांडीच्या देवाला कोंबडा बोलली, आणि सिस्टरने सांगितलं म्हणून तिच्या देवळातही मेणबत्ती लावून आली.

पाचव्या दिवशी पेडणेकरांनी स्वतः पट्टी सोडली. शेवटचा थर काढताना त्यांचा हात इतका हळू झाला की हौसाबाईला ओरडावंसं वाटलं. नडगीवरचे काही तुकडे पट्टीबरोबरच सरकून आले, पिवळे, गळलेले. शेवंतीने डोळे मिटले. डॉक्टर बाकीच्यांकडे वळले. एका तुकड्यावर बोट दाबलं. पांढरा झाला. बोट उचललं. हळूहळू, अगदी हळूहळू, गुलाबी रंग परत आला. दुसऱ्यावर दाबलं. तिसऱ्यावर.

"रुपयाला चार आणे कमी," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. "नडगीवर पुन्हा एकदा लावावं लागेल. पण बाकीचं धरलंय. पाय तुझा तुला राहिला, बाई."

शिमगा झाल्यावर त्या दोघी घरी आल्या. पाय बारीक झाला होता, रंग ठिकठिकाणी वेगळा. कुठे तांबूस, कुठे काळसर, तुकड्यांच्या सांध्यांवर उंच रेघा. कातडं चकचकीत आणि कागदासारखं पातळ. त्याला घाम नव्हता, म्हणून रोज खोबरेल चोळायचं होतं. त्याला कळायचंही नाही, म्हणून चुलीजवळ जपायचं होतं. बोटांपासून गुडघ्यापर्यंत कापडाची पट्टी गुंडाळल्याशिवाय उभं राहायचं नव्हतं. डोक्यावर पाटी घेऊन मैलोन् मैल चालणं नव्हतंच. धामापूरची फेरी हौसाबाईने आपल्याकडे घेतली. शेवंती घरात बसून मासळी कापायची, खारवायची, लंगडत आडावर जायची. आडावरच्या बायका तिच्या पायाकडे बघून मग आपापसांत बोलायच्या. दोघी पहिल्यासारख्याच कमी बोलत होत्या, पण पहिल्यासारख्या नव्हे.

वैशाखात गलबतं पावसाळ्यासाठी ओढून घेतली तेव्हा बाबली आला. पत्र त्याला पोचलं होतं. गलबताच्या तांडेलाने सोडला नाही, असं तो म्हणाला. अंगाने तगडा, तोंडाने मऊ असा तो माणूस. शेवंतीने त्याला पाणी दिलं, मग पट्टी सोडून पाय दाखवला, कारण कधी तरी दाखवायचा होताच. बाबलीने एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. "बरां झालां मगे," तो म्हणाला आणि किनाऱ्यावर निघून गेला. जेवायला आला तो मान खाली घालून. दोन दिवस तो बायकोशी बोलला नाही. तिच्या हातून ताट घेताना तिच्या पावलाकडे नजर जाऊ नये म्हणून ताटाकडेच बघायचा. शेवंती पाय लुगड्यात घेऊन बसू लागली. पट्टीही आता आतल्या खोलीत जाऊन बांधायची.

तिसऱ्या सकाळी शेवंती आडावर गेली होती. बाबली पडवीत जाळं शिवत बसला होता. हौसाबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तिचो पाय बघूक तुका किळस येता?"

"किळस नाय गे, आये," तो सुताकडे बघत म्हणाला. "पण... माका भिया वाटता. असां दिसतलां ह्यां माका म्हायत नव्हतां."

हौसाबाईने इकडेतिकडे पाहिलं नाही. तिने लुगड्याचा काष्टा सोडला आणि झिलासमोर मांडी उघडी केली. वितीएवढी जागा, आजूबाजूच्या कातड्याहून काळी, गुळगुळीत, चारी कडा सरळ कापल्यासारख्या.

"आये!" बाबलीने तोंड फिरवलं.

"बघ. हय बघ मेल्या. ह्यां माजां कातडां तिच्या पायार तेरा दिस हुतां. तेवा ती वाचली. परक्या माणसांनी बघल्यानी, तू माज्या पोटचो, तू बघ. माजी किळस येता तर माकाय भायर काढ."

बाबलीने पाहिलं. त्याची दाभण हातातच राहिली. त्याचे डोळे भरून आले तेव्हा हौसाबाईने लुगडं सारखं केलं आणि आत गेली. चुलीसमोर बसून तिने फुंकणी तोंडाला लावली, पण फुंकर निघेना.

थोड्या वेळाने शेवंतीची कळशी पडवीत टेकल्याचा आवाज आला. मग बाबलीचा.

"बस हय."

"भात व्हायाचो हा."

"भात आये बघता. बस."

खोबरेलाची वाटी पायरीवर ठेवल्याचा आवाज. पट्टी उलगडल्याचा. हौसाबाईने मान वळवली नाही, पण कान तिकडेच होते.

"लागता?" बाबलीने विचारलं.

"काय?"

"हात लावलंय मी."

"नाय," शेवंती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "थंय काय कळणा नाय. हात लावलंस काय नि निखारो ठेवलंस काय."

"हय?"

"नाय."

"हय?"

"नाय."

तो थांबला नाही. हौसाबाईला त्याचा आवाज ऐकू येत राहिला, पायाच्या कडेकडेने चाललेला, हय, आता हय, आणि तिचं नाय, नाय. चुलीवरचा भात उतू जाऊ लागला. ती उठली नाही.

"हय?"

शेवंती गप्प झाली.

"हय लागता," ती म्हणाली.

बाबलीने पुढे काही विचारलं नाही. हात तिथेच राहिला असावा. हौसाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, झाकण बाजूला केलं, आणि भात हळूहळू खाली बसेपर्यंत तशीच बसून राहिली.